माथेरान, नेरळपासून

माथेरानला मी निदान दहा वेळा गेलो असेन. डोंबिवलीच्या माणसाला त्यात काही कौतुक नाही. कर्जत लोकल पकडायची, नेरळला उतरायचं, बाहेर टॅक्सीवाले "एक सीट, एक सीट" ओरडत असतात तिथे ती एक सीट व्हायचं, आणि पाऊण तासाच्या आत दस्तुरी नाक्यावर. पुढे गाड्यांना बंदी. मग आपले पाय, नाहीतर घोडा. या दहा खेपांत मिनी ट्रेनमध्ये किती वेळा बसलो? एकदाही नाही. चढताना टॅक्सीच्या काचेतून ती दिसायची, रस्ता ओलांडून झाडीत शिरायची, आणि आत बसलेली माणसं उगाचच आपल्याला टाटा करायची. तेवढीच ओळख.

गाडीनेच जायचं हे ठरलं ते आईच्या गुडघ्यांमुळे. दस्तुरीपासून बाजार अडीचेक किलोमीटर लांब, तोही लाल मातीचा खडबडीत रस्ता. आईला अडीच किलोमीटर म्हणजे आमच्या सोसायटीला वीस फेऱ्या. घोड्यावर ती बसणार नाही. हातरिक्षाचं नाव काढलं तर म्हणाली, "माणसाने माणसाला ओढायचं? आणि मी वर बसून बघायचं?" ई-रिक्षा आल्यात म्हटलं तर त्यावरही उत्तर तयार होतं. "रिक्षात बसायला माथेरानला कशाला जायचं? आपल्या स्टेशनबाहेर काय कमी आहेत?"

खरं कारण वेगळं होतं. १९७२ साली लग्नानंतर आई-बाबा माथेरानला गेले होते, ते नेरळहून, कोळशाच्या इंजिनाच्या गाडीने. सोबत बाबांची मावशी. (त्या काळात हे चालायचं म्हणे. मावशींना हवापालट हवा होता.) त्या सहलीचा एकच फोटो घरात आहे: माथेरान स्टेशनच्या पाटीखाली तिघं उभी आहेत, मावशी मधोमध, आणि आईचा एक डोळा मिटलेला. वाटेत इंजिनातून उडालेला कोळशाचा कण डोळ्यात गेला होता. बाबांनी रुमालाच्या टोकाला फुंकर मारून तो काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही, आणि फोटोवाला थांबेना. हा फोटो मी लहानपणापासून बघत आलो, पण आई डोळा मारतेय असं वाटून त्याविषयी कधी विचारलं नव्हतं.

तर "एकदा नेईन तुला" हे मी तिला २०१९ च्या उन्हाळ्यात सांगितलं. त्याच पावसाळ्यात घाटातला रेल्वेमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि नेरळवरून गाडी बंद झाली. मग करोना. ती पुन्हा धावू लागली ऑक्टोबर २०२२ मध्ये. या मार्गाच्या नशिबी हे आहेच. २६ जुलै २००५ च्या पावसातही तो असाच खचला होता आणि पूर्ववत व्हायला २००७ उजाडलं. शिवाय दरवर्षी पावसाळ्याचे चार महिने नेरळची गाडी बंदच असते, फक्त वरच्या अंगाला, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल चालू राहते. थोडक्यात, माझ्यासारख्या चालढकल करणाऱ्या मुलाला रेल्वेमार्ग फार सोयीचा होता. काहीही विचारलं की "गाडी बंद आहे गं".

२०२४ च्या जानेवारीत मात्र निमित्त उरलं नाही. एका रविवारी आईला घेऊन निघालो. ८.५० ची गाडी, आम्ही आठ वाजता नेरळला. चाळीस-पन्नास मिनिटं हातात आहेत, तिकीट काढू, चहा घेऊ, असा माझा हिशोब. तिकिटाच्या खिडकीशी गेलो तर रांग अशी की तिचं शेपूट कुठे आहे हेच कळेना. एकाला विचारलं, "ही नऊच्या गाडीची का हो?" तो हसला. म्हणाला, "काका, नऊचे नंबर केव्हाच भरले. ही दहा पंचवीसची. आणि यातल्याही निम्म्यांना मिळणार नाही."

चूक सर्वस्वी माझी. डबे इवलेसे, गाड्या दिवसाला दोन, तिकीट घरबसल्या काढायची सोय नाही, रविवार, थंडीचे दिवस. एवढं कळायला रेल्वेत नोकरी लागत नाही. बाहेर आलो तर टॅक्सीवाले तयारच. एकाने आईकडे बघून फारच समजुतीने सांगितलं, "आजी, दस्तुरीला सोडतो. तिथून अमन लॉज स्टेशन दहा मिनिटं, शटल पकडा, थेट बाजारात." अगदी योग्य सल्ला. घाईत असणाऱ्याने, लहान मुलं असणाऱ्याने, रांगेचा कंटाळा असणाऱ्याने हेच करावं. आई म्हणाली, "अर्धी गाडी नको मला." मग आम्ही नेरळ स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला आणि परत आलो. लोकलमध्ये ती अंबरनाथपर्यंत काही बोलली नाही. अंबरनाथला म्हणाली, "वडा मात्र छान होता."

दुसऱ्या खेपेला मात्र मी कंबर कसली. पावसाळ्यानंतर ६ नोव्हेंबर २०२४ ला गाडी सुरू झाली. दिवाळीची गर्दी जाऊ दिली, शनिवार-रविवार टाळले, डिसेंबरातला मंगळवार धरला. ठरलं असं: मी पहाटेच्या लोकलने पुढे जाऊन रांग धरायची आणि बायकोने आईला घेऊन मागून सावकाश यायचं.

साडेपाचच्या सुमारास नेरळला उतरलो. अंधार, बऱ्यापैकी बोचरी थंडी, प्लॅटफॉर्मवर दुधाचे कॅन आणि उलट दिशेने मुंबईला निघालेले लोक. खिडकी अर्थात बंद. समोर बारा-तेरा माणसं, काही उभी, काही वर्तमानपत्र पसरून बसलेली. मी शेवटच्या माणसामागे उभा राहिलो तर कानटोपी घातलेले एक काका आले. "नाव सांगा. माणसं किती?"

त्यांच्या हातात एक लग्नपत्रिका होती. पुढे गणपती, 'श्री गजानन प्रसन्न', आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने रांगेची यादी. मी चौदावा. नावापुढे कंसात ३. काकांना हे काम कोणी दिलं नव्हतं. ते ठाण्याचे, पहाटे साडेचारला आले, पहिला नंबर त्यांचा, आणि नंतर येणाऱ्यांत भांडणं नकोत म्हणून खिशात होती ती पत्रिका काढली, एवढंच. या यादीला कायद्याने काडीची किंमत नाही. तरी पुढचे तीन तास ती पत्रिका हाच कायदा होता. कोणी चहाला गेला तर "माझं नाव आहे ना यादीत?" असं काकांना विचारूनच जायचा.

रांगेत उभं राहिलं की माणूस गणित करू लागतो. माझ्या पुढे तेरा जण, पण पुढे तेरा माणसं म्हणजे तेरा तिकिटं नव्हेत. एका गुजराती कुटुंबाचा एक मुलगा नऊ जणांसाठी उभा होता. पुण्याची कॉलेजची पोरं पाच, पण त्यांच्यापैकी दोघांचा बेत अजून कच्चा. मी पत्रिकेवरचे कंस मनात बेरीज करत होतो. पस्तीस. परत केली, अडतीस. माझ्या मागचा तरुण, बदलापूरचा, तोही तेच करत होता. त्याची बेरीज बेचाळीस. आम्ही दोघांनी मिळून पुन्हा केली. इतकी एकाग्रता दहावीच्या परीक्षेत दाखवली असती तर आज बरं असतं.

उजाडल्यावर मागे डोंगर दिसू लागला. नेरळमधून माथेरानचं पठार बघितलं की गाडी तिथे चढते यावर विश्वास बसत नाही, नुसता उभा कडा. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये वर गेला आणि त्याने ही जागा इंग्रजांच्या नकाशावर आणली. पुढची पन्नासेक वर्षं साहेब आणि मुंबईचे शेठ घोड्यावरून नाहीतर पालखीतून वर जायचे. वर रेल्वे न्यायची हे मनावर घेतलं अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी. पैसा वडिलांचा, सर आदमजी पीरभॉय यांचा, सोळा लाख रुपये. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि मार्च १९०७ मध्ये गाडी वर पोचली. सोळा लाख, त्या काळातले! आमच्या रांगेत त्यावर थोडी चर्चा झाली. बदलापूरचा तरुण म्हणाला, "तेवढ्यात आता आमच्याकडे वन बीएचकेचं डाउन पेमेंट."

सातनंतर रांग फुगली. आठच्या आसपास एक गृहस्थ घाईघाईने आले, ऐटीत खिडकीपाशी गेले आणि "नऊच्या गाडीचे चार" म्हणाले. खिडकीच बंद होती. मागे वळून त्यांनी रांगेकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखलं. अकरा महिन्यांपूर्वी तोच चेहरा माझा होता. काकांनी पत्रिका पुढे केली. त्यांचा नंबर एकसष्ट.

खिडकी उघडली. पत्रिका खिशात गेली, सगळे नंबराप्रमाणे उभे राहिले आणि एकदाही आवाज चढला नाही. गुजराती मुलाने नऊ काढली तेव्हा मागून एक सामुदायिक सुस्कारा आला. पुण्याच्या पोरांच्यातले दोघे खरंच आले नव्हते, त्यांना बहुतेकांनी मनातल्या मनात आशीर्वाद दिले. माझा नंबर आला. "तीन, सेकंड." तिकिटं हातात आली तेव्हा तीन तास उभं राहून माझी पोटरी दगडासारखी झाली होती. बदलापूरच्या तरुणालाही मिळाली.

आई आणि बायको बाकावर बसल्या होत्या. आईने फिकट निळी साडी, वर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. तिकिटं दाखवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि पर्समध्ये, चष्म्याच्या घरात ठेवली. मला परत दिली नाहीत.

आता गाडी. या रुळांमधलं अंतर दोन फूट. आईची काठी आडवी ठेवली असती तर दोन्हीकडून बाहेर आली असती. डब्यात समोरासमोर बाकं, आणि मध्ये समोरच्याचे गुडघे. माझी उंची पाच फूट अकरा. समोर नऊ जणांच्या कुटुंबातले एक तितकेच उंच आजोबा बसले. आम्ही एकमेकांकडे बघून गुडघ्यांचा करार केला: माझा उजवा तुमच्या दोघांच्या मध्ये, तुमचा उजवा माझ्या दोघांच्या मध्ये. हे करारपत्र वरपर्यंत टिकलं. आई खिडकीत, तिला भरपूर जागा.

इंजिन डिझेलचं. भोंगा झाला, एक हलकासा झटका बसला आणि नेरळ मागे सरकू लागलं. खरं तर सरकलं म्हणण्यासारखं काही नाही. बाहेर एक माणूस सायकल हातात धरून चालत होता, तो बराच वेळ आमच्या सोबत होता. रस्त्याने आठेक किलोमीटरमध्ये दस्तुरी येते, रेल्वेमार्ग मात्र वीस-एकवीस किलोमीटरचा, आणि त्याला दोन तास चाळीस मिनिटं. म्हणजे ताशी आठ. कारण सरळ आहे: चढ एकास वीसपर्यंत, म्हणजे वीस फुटांमागे एक फूट जातो, त्याहून जास्त चढवलं तर चाकं घसरायची भीती. म्हणून रूळ डोंगराच्या कडेकडेने लांब फिरवत, वळसे घालत वर नेलेत. चाकं अडकवायला रुळांमध्ये कुठे दातेरी पट्टी नाही. नुसती वळणं.

त्या वळणांची गंमत टॅक्सीतून कळत नाही. सुरुवातीला नेरळ आईच्या खिडकीत होतं. घरं, लोकलचे रूळ, भाताची कापून झालेली खाचरं. पाच मिनिटांनी ते समोरच्या खिडकीत गेलं आणि लहान झालं. परत आईकडे. परत तिकडे. दर वेळी गाव थोडं खाली आणि थोडं धूसर. डब्यातले सगळे प्रवासी मोबाइल घेऊन या बाजूने त्या बाजूला झुकायचे, आणि एकदोनदा त्यामुळे करार धोक्यात आला. आई मात्र जागची हलली नाही. "आपल्याकडे येईलच की परत."

जुम्मापट्टीला गाडी थांबली. दोन मिनिटं की दहा, कोणी मोजत नव्हतं. बायका टोपल्या घेऊन खिडकीशी आल्या. मीठ-मसाला लावलेली काकडी, बोरं, लिंबू सरबत. बायकोने काकडी घेतली आणि ती तोंडात जाण्यापूर्वी एक माकड खिडकीच्या गजाला लटकून तिच्याकडे बघू लागलं. हिसकावलं नाही. फक्त बघत राहिलं, अत्यंत दुःखाने. अर्धी काकडी त्याला गेली. देऊ नये हे ठाऊक आहे, पण ते बघणं सोसत नाही.

"पूर्वी डब्या-डब्यावर माणूस असायचा," आई सांगू लागली, मला नाही, समोरच्या आजोबांना. "इंजिनवाल्याने शिट्टी दिली की ते चाक फिरवून ब्रेक लावायचे. एक शिट्टी, लाव. आणखी कशी तरी शिट्टी, सोड." आजोबा म्हणाले, "मी पण पाहिलंय. साठ साली. हातानेच." मग दोघांचं जमलं. आजोबांना मराठी येत होतं, पण उत्साहात आले की गुजराती व्हायचं, आणि आईला त्यातलं निम्मं कळत असावं. तेवढ्यावर दोघं वॉटर पाइपपर्यंत आली. वॉटर पाइप हे स्टेशनचं नाव. वाफेच्या इंजिनाला इथे पाणी भरावं लागे. इंजिनं गेली, नाव राहिलं.

वाटेत बोगदाही. या मार्गावर तो एकच, आणि लांबीला इतका कमी की त्याचं नाव पडलं 'वन किस टनेल'. काळोख होतो न होतो तोच उजेड. पुढच्या डब्यातून कॉलेजच्या पोरांचा आरडाओरडा आला. मी आईला नावाचा अर्थ सांगावा की नको या विचारात असताना तीच म्हणाली, "माहितेय मला. तुझ्या बाबांनी सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय? मध्ये मावशी होत्या."

समोरचे आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले. बायकोला ठसका लागला.

पुढे पेब किल्ल्याच्या अंगाला झाडी विरळ होते आणि एका बाजूला दरी सरळ खाली जाते. इथे रुळांना लागूनच कड्यावरचा गणपती आहे, पूर्ण कातळाएवढा, रंगवलेला. गाडीतून त्याच्या सोंडेपाशी आपण जातो. डब्यातले सगळे हात जोडले गेले. आईनेही जोडले, मग भुवया आक्रसून म्हणाली, "हा नव्हता तेव्हा." जणू बाप्पाने तिला विचारायला हवं होतं.

अमन लॉजला टॅक्सीने आलेली मंडळी शटलची वाट बघत उभी होती. त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिलं. मी हात हलवला. वीस वर्षं दुसऱ्या बाजूला राहून मी या क्षणाची वाट पाहिली होती, हे मान्य करायला मला लाज नाही.

इथून गाडी दाट झाडीतून जाते. जांभळं, हिरडे, दोन्ही बाजूंना लाल माती, आणि एकदम गारवा. इंजिनाचा आवाजही खाली येतो. आठशे मीटर उंचीवर मोटारींचा आवाज नसलेलं गाव जवळ आलं की कान काहीतरी हरवल्यासारखे होतात, मग कळतं की हॉर्न नाहीत. घोड्यांचे घुंगरू ऐकू आले आणि माथेरान आलं.

उतरताना फजिती झाली ती माझी. अडीच तास करारात अडकलेले गुडघे सरळ होईनात. एक पाय खाली टाकला, दुसरा डब्यातच. आजोबांचीही तीच गत. आई केव्हाच प्लॅटफॉर्मवर उतरून पदर झटकत होती. पाटी जुनी नाही, नवी आहे, तिने जवळ जाऊन तपासलं. तिच्याखाली उभं राहा म्हटलं तर काठी बायकोच्या हातात दिली, केस नीट केले आणि अगदी डोळे ताणून कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मी तीन फोटो काढले. तिन्हीत दोन्ही डोळे टक्क उघडे, थोडी घाबरल्यासारखी दिसते.

बाहेर पडताना पालिकेच्या खिडकीवर प्रवासी कर भरला, माणशी पन्नास. लालभडक शर्टातला एक हमाल पिशव्यांना हात घालत म्हणाला, "मावशी, लॉज कुठलं? जवळ असेल तर चालत चला, लांब असेल तर घोडा बघतो." लॉज बाजारातच होतं, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. दोन्ही बाजूंना चिक्की, चामड्याच्या चपला, मधाच्या बाटल्या. आई काठी टेकत पुढे, हमाल तिच्या शेजारी, बायको मागे, आणि मी सगळ्यांच्या मागे लंगडत.

लॉजच्या पायरीपाशी ती थांबली. मला वाटलं दमली. ती हमालाला विचारत होती.

"उद्या खाली जायच्या गाडीची रांग कधीपासून लागते हो?"